सौ. ९४३७०५६

श्यामकांत वैद्यांच्या घरी दोन स्टीलचे पेले होते आणि त्यांच्यावर नावांऐवजी आकडे होते. लग्नात त्यांच्या हिंदीभाषी शहरातल्या गोल बाजारात भांड्यांवर नावं घालायची वेळ आली, तेव्हा शाळेत गणित शिकवणाऱ्या पद्मिनीनं हट्टानं एकावर ९३६३५८४ आणि दुसऱ्यावर ९४३७०५६ घालायला लावलं. नावं घालणाऱ्या भैयाचा हात सवयीचा गुलाम. त्यानं आकड्यांच्या आधीही 'श्री.' आणि 'सौ.' ठोकून दिलं.

या आकड्यांची गंमत अशी, की पहिल्याला ज्या ज्या संख्यांनी पुरता भाग जातो त्या सगळ्यांची, तो स्वतः सोडून, बेरीज केली की दुसरा मिळतो. दुसऱ्याचं तसंच केलं की पहिला. पद्मिनीनं उखाण्यातसुद्धा नवऱ्याच्या नावाच्या जागी आकडाच घेतला होता, आणि सासूबाई महिनाभर फुगून होत्या.

पद्मिनीला जाऊन दोन वर्षं झाली. आता लेक देवश्री लग्न होऊन बंगलोरला निघाली होती. दुपारी बॅग भरताना तिनं 'सौ.'वाला पेला उचलला.

"बाबा, आई का ये वाला मैं ले जाऊँ?"

जोडी फुटणार. श्यामकांतांना हो म्हणवेना, नाही म्हणवेना. चहा झाल्यावर सांगतो म्हणून ते कूलरसमोर आडवे झाले.

डोळा लागला की नाही कोण जाणे, पण कूलरच्या घरघरीत त्यांच्या पेल्यावरच्या आकड्याला भाग जाणारे आकडे यायला लागले. दोन, चार, आठ, दुप्पट होत होत एकशे अठ्ठावीस. मग एकशे एक्क्याण्णव आपला सगळा गोतावळा घेऊन, त्यामागून तीनशे त्र्याऐंशी. लग्नघरी पाहुणे यावेत तसे सगळे निवांत येत होते आणि श्यामकांत दारात उभे राहून एकेकाला बेरजेत घेत होते. शेवटचा आत आला. बेरीज झाली ९४३७०५५.

एक कमी. पद्मिनी उंबऱ्यापर्यंत येऊन थांबली होती आणि आत येत नव्हती. त्यांना झोपेतच रडू आलं.

उठून त्यांनी पाठकोऱ्या कागदावर पुन्हा मांडलं. पुन्हा तेवढंच. मग त्यांनी कपाळावर हात मारला. जन्म रेल्वेच्या हिशेबात गेला, आणि एक धरायचाच राहिला होता. एकानं सगळ्यांनाच भाग जातो, म्हणून त्या बिचाऱ्याला कोणी विचारत नाही. त्यांनी तो मिळवला आणि पद्मिनी पुरी झाली. घरात मागे राहिलेला एक आता तेच होते, आणि त्याचं त्यांना पहिल्यांदाच बरं वाटलं.

देवश्री चहा घेऊन आली. त्यांनी पेला तिच्या हातात ठेवला.

"घेऊन जाय पोरी. माह्या पेल्यातून मले तुझी आई काढता येते."

"और आप?" तिनं हळूच विचारलं.

"मी तिच्यातून निघतो. आठवण आली की बेरीज करून पाहाजो. फक्त एकाले विसरू नको."

देवश्रीनं पेला आईच्या जुन्या साडीत गुंडाळला आणि बॅगेत अगदी वर ठेवला.