बोटभर पोलादाची थंडीतली परीक्षा

मी बोटभर लांबीचा पोलादाचा तुकडा बोलतोय. माझ्या मधोमध एक खाच आहे. ती खोड नव्हे. घाव तिथंच बसावा म्हणून मुद्दाम पाडलेली आहे.

तुर्भ्याच्या एका कारखान्यात जाड प्लेटमधून मला कापलं. उरलेल्या प्लेटची टाकी व्हायची होती, इस्पितळाच्या प्राणवायूची. प्राणवायू द्रवरूपात ठेवायचा तर भयंकर थंडी लागते. माझ्या अंगात डोळ्यांना न दिसणारे असंख्य स्फटिक आहेत. घाव बसला की त्यांच्यातले थर पत्त्यांसारखे सरकतात, म्हणून मी वाकतो. थंडीत हे सरकणं जड जातं आणि साधं पोलाद काचेसारखं फुटतं. आमच्यात निकेल घातलंय. तरी खात्री करावीच लागते.

म्हणून मी रबाळ्याच्या प्रयोगशाळेत आलो. सुनयनाताई तिथल्या प्रमुख. त्यांच्या यजमानांचे शेवटचे दिवस अशाच टाकीतल्या प्राणवायूवर गेले. त्या हे बोलत नाहीत. मला कळलं ते यंत्र चालवणाऱ्या, करावे गावच्या रूपेशकडून.

माझं भावंड, त्याच प्लेटचा दुसरा तुकडा, माझ्याआधी गारठवून यंत्राच्या हातोड्याखाली गेलं आणि पास झालं. कारखान्याचे इंद्रजित खूश झाले. ताईंची नजर मात्र त्याला उचलणाऱ्या चिमट्यावर होती.

“रूपेश, चिमट्यावर बर्फ का साचला नाही?”

“ताई, चा आला तवा बाहेर काढला. परत बुडवाचा इसरलू.”

गार द्रवाबाहेर राहिलेल्या चिमट्यानं धरलं, की तुकडा खाचेपाशी ऊब खातो आणि उगाच शूर ठरतो.

“अहो मॅडम, पास झालाय की! टेम्पो खाली उभाय. कशाला टेन्शन घेताय?”

“टाकीला कुणी चिमट्यानं ऊब देणार आहे का, इंद्रजित?”

मला द्रव प्राणवायूहूनही गार अशा द्रव नायट्रोजनमध्ये सोडलं, सोबत चिमटाही. उचललं तेव्हा तो पांढराशुभ्र झाला होता. मी घाबरलो होतो. मी फुटलो असतो तर सगळी प्लेट भंगारात गेली असती.

हातोडा आला. मी फाटलो, पण तुकडे झाले नाहीत. कडा ओढल्या गेल्या. स्फटिक त्या थंडीतही सरकत राहिले.

“ताई, वाकला! काच नाय झाली!”

“मी सांगत नव्हतो?” इंद्रजित म्हणाले.

“सांगत होतात. आता माहीत झालं,” ताई म्हणाल्या आणि माझा गारठा उतरल्यावर त्यांनी मला क्षणभर तळहातावर धरलं.

आता मी कपाटात पाकिटात पडून आहे, वाकडा, खाचेपाशी उघडा. माझ्या प्लेटची टाकी उभी राहिली असेल. तिच्यातून कुणाच्या तरी खाटेपर्यंत श्वास पोचत असेल. माझी एवढीच विनंती आहे: आमच्यासारख्यांना जपू नका. नीट गारठवा, जोरात मारा आणि मगच कुणाचा तरी जीव आमच्या भरवशावर सोडा.