बिंबलीचा वकील

आमच्या कुंपणाशी बिंबलीचं झाड आहे. बोटाएवढी हिरवी फळं, तीही फांद्यांच्या टोकाला नव्हे, थेट खोडालाच घोसाने लगडलेली. पिकली की गळतात, आणि बरीचशी पलीकडे, शिवणकाम करणाऱ्या शेजारीणबाईंच्या पायरीवर. त्या आंबट रसाने नव्या फरशीची चकाकी गेली, म्हणून त्यांनी झाड तोडण्याचा अर्ज केला. पाहणीला उद्यान खात्याचे साहेब येणार होते.

मी ग्रंथालयात जन्म घालवलेला माणूस. संकट आलं की पुस्तक उघडतो. आठवडाभर खपून झाडाच्या बाजूने चार पानं लिहिली.

"अहो, तुमचं दुसरं पान होईस्तोवर ते झाड पाडून घरी जातील," ही म्हणाली.

साहेब आले. मी घसा खाकरून पानं उघडली आणि पहिल्याच वाक्याला आवाज बसला. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"ते राहू द्या. चवीला कसं असतं हो फळ?"

मी पानं चाळू लागलो. एकवीस वर्षं झाड दारात. पित्ताच्या धास्तीने एकही फळ तोंडात घातलं नव्हतं. त्यात क जीवनसत्त्व किती, ते मात्र तोंडपाठ.

"खाल्लंच नाही वाटतं कधी?" शेजारीणबाई म्हणाल्या. "आणि निघालेत वकिली करायला!"

अंगात काय संचारलं कोण जाणे. एक फळ तोडलं आणि अख्खं चावलं. डोळे मिटले, खांदे कानांना भिडले, चष्मा घसरला, आणि म्हणे मी चक्क एका पायावर उभा होतो.

शेजारीणबाई पोट धरधरून हसत होत्या. ही साहेबांना सांगत होती, "लग्नानंतर पहिल्यांदाच यांच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं."

"बाई, अर्ज ठेवायचा की मागे घ्यायचा? मला अजून तीन ठिकाणी जायचंय."

"घेते मागे," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "पण भाऊजी, माझी पायरी रोज सकाळी तुम्ही धुवायची. वहिनींना पाठवायचं नाही. आणि आलात की चार शब्द बोलायचे. शेजारीण आहे मी, भूत नाही!"

पायरी धुणं जमतंय. बोलण्याचं म्हणाल, तर काल "पाणी गार आहे" इथवर मजल गेली. त्या "हो ना" म्हणाल्या. त्यावर पुढे काय बोलायचं ते सुचेना, म्हणून मी धुतलेली पायरी पुन्हा धुवायला घेतली.