अकरावी जागा

मी एक आरसा बोलतोय. पण भांग पाडायला माझ्याकडे येऊ नका. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा मी लांब दांडीचा, एवढासा. माझी उमेदीची वर्षं विमानांच्या पोटात डोकावण्यात गेली.

माझे धनी विठ्ठलराव बीड जिल्ह्यातल्या युसूफ वडगावचे. हवाई दलात इंजिन फिटर होते. त्यांच्याकडे हंटर ही जुनी लढाऊ विमानं असत. दिसायला देखणी, पण इंजिन काढायचं तर शेपटीकडचा सगळा भाग सोडवून मागे ओढावा लागे. एरवी छोट्या झाकणांतून काम. तिथे हात कोपरापर्यंत जाई, नजर जात नसे. मग मला आत धाडत. गळणारा तेलाचा एक थेंबही मी कधी लपवला नाही.

झाकण लावण्याआधी हत्यारं मोजायची, हा तिथला नियम. एकदा शेपूट जोडून झाली आणि एक पाना कमी भरला. विठ्ठलराव स्वतःच पुढे झाले. "साहेब, माझा पाना आत राहिलाय." सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. शेपूट पुन्हा उतरवली, पाना सापडला. वैमानिकाने त्यांचा तेलकट हात दोन्ही हातांत घट्ट धरला. मी तेव्हा त्यांच्या खिशातच होतो.

निवृत्त होताना मोडीत निघालेली आम्ही अकरा हत्यारं त्यांना रीतसर मिळाली. घरी भिंतीवर फळी आहे आणि तिच्यावर प्रत्येकाचा आकार रेघेने काढलेला आहे. आता विठ्ठलरावांचं वय झालंय. चष्मा डोक्यावर ठेवून ते तो घरभर शोधतात. घरातले हसतात. मला मात्र त्यांची फार माया वाटते.

परवा नात योगिताची बीडला तलाठ्याची परीक्षा होती. विठ्ठलरावांनी पहाटेच जीप तपासली, मला बोनेटखाली घालून पंख्याचा पट्टा पाहिला आणि मला तिथेच विसरले! पंख्याशेजारी पडून मी ऐकत होतो. बाहेर जीपपुढे उभ्या राहिलेल्या विठ्ठलरावांवर मुलगा तानाजी करवादत होता.

"आबा, सरका. लई उशीर झालाय."

"फळीवरची एक जागा रिकामी हाय. गाडी हलायची न्हाई."

"तुमाला सकाळचं जेवण आठवत न्हाई, अन् हत्यार आठवतंय व्हय?"

"कुठं ठिवलं ते आठवत न्हाई, बाबा. पर ठिवलंय मीच."

मला ओरडता येत असतं तर!

योगिता खाली उतरली. "बाबा, आधी बोनेट उघडा."

उजेड आला. तानाजीने मला पाहिलं, मग पंख्याकडे पाहिलं आणि मला अलगद उचलून आबांच्या हातात दिलं. पंखा फिरला असता तर माझा चुरा झाला असता, जीप वाटेतच बंद पडली असती आणि पोरीचं वर्ष गेलं असतं. विठ्ठलरावांनी मला सदऱ्याला पुसून माझ्या जागी टांगलं.

योगिता वेळेत पोचली.

आता माझी कड टवकलीय. आत डोकावायचं बळ राहिलं नाही. तुमच्याही घरी असं कुणी गाडीपुढे उभं राहिलं, तर त्यांची मोजणी होऊ द्या, एवढंच मागणं आहे.

तानाजी आता चावी फिरवण्याआधी विचारतो, "आबा, भरली का मोजणी?"

विठ्ठलरावांना कधीकधी लेकाचं नाव आठवत नाही. ते फळीकडे बघतात, ताठ उभे राहतात.

"अकरा भरली, साहेब. जाऊ द्या विमान."