येतो म्हणावं

निरोपाचा शब्द हा माणसाच्या तोंडून निघणारा सर्वांत पवित्र शब्द असतो, तो कधी वाया जात नाही आणि अखिल ब्रह्मांड तो कान देऊन ऐकत असतं, असं माई सोमण सांगत. ब्रह्मांडाचं नक्की सांगता येत नाही, पण शेवरेवाडीला खेंगरे यांच्या शेताचं जे लोखंडी फाटक आहे, ते ऐकतं. दसरा आणि दिवाळीच्या मधल्या एका रविवारी सोमण मंडळी, लहानमोठी मिळून अकरा माणसं, त्या फाटकातून नऊ वेळा आत आली आणि, एक जण सोडला तर, एकदाही गेली नाहीत. 'गेली' हा शब्द त्यांच्यात चालत नव्हता, एवढंच त्याचं कारण.

हेरंब हा या घरचा जावई. सहल ठरवताना त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानेही मनाला लावून घेतलं नव्हतं. मुलांना शेत दाखवायचं, सीताफळं तोडू द्यायची, बैलगाडीतून एक चक्कर मारायची आणि संध्याकाळच्या आत घरी, असा माईंचा बेत होता. संध्याकाळच्या आत घरी, एवढंच हेरंबला हवं होतं. त्याची मुलगी रेवा मंगळवारी पाच वर्षांची होणार होती. स्वयंपाकघराच्या चौकटीवर तिच्या उंचीच्या चार रेघा होत्या, वाढदिवसाला एक अशा. पाचवीसाठी त्याने शनिवारीच पेन्सिलीला टोक करून ठेवलं होतं.

पहिल्यांदा आले तेव्हा सगळं रीतसर झालं. खेंगरेवहिनींनी फाटकात भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, पुरुषांना पांढऱ्या टोप्या दिल्या. मग पोहे झाले. बैलगाडी झाली. झेंडूच्या वाफ्यात उभं राहून सगळ्यांनी एकमेकांचे फोटो काढले. सीताफळाच्या बागेत खेंगरेअण्णांनी मुलांना गोळा करून फळ कसं ओळखायचं ते समजावून सांगितलं. सीताफळाला डोळे असतात. डोळे उघडले की फळ तयार झालं. उघडलेलं तोडायचं, मिटलेलं ठेवायचं. रेवाने नेमकं मिटलेलं निवडलं. अण्णा म्हणाले, ते अजून झोपलंय, ताई. मग ती त्याच्याशेजारी बराच वेळ उभी राहिली, ते कधी उठतंय हे बघत.

पिठलं-भाकरी झाली, चारचा चहा झाला, आणि मंडळी फाटकाशी आली. खेंगरेअण्णांनी फाटकाच्या कडीवर हात ठेवून म्हटलं, "मग, मंडळी?"

सगळ्यांच्या आधी रेवा म्हणाली, "आम्ही जातो. टाटा."

माईंनी दोन बोटं तिच्या ओठांवर हलकेच मारली. "जातो म्हणू नये, राणी. येतो म्हणावं."

रेवाने वळून बापाकडे पाहिलं. हेरंब म्हणाला, "आजी सांगते ना. येते म्हण."

"येते," रेवा म्हणाली. अण्णांनी फाटक उघडलं.

भाड्याने केलेली बस घाटाच्या तोंडापर्यंत गेली, एका वळणावर वळली आणि खेंगरे यांच्या फाटकासमोर उभी राहिली. ऊन सकाळचं होतं. वहिनींच्या हातात भाकरीचा तुकडा होता. माई खाली उतरल्या आणि म्हणाल्या, किती अगत्य आहे बाई यांच्यात.

हेरंबने ड्रायव्हरला विचारलं, की हे काय? ड्रायव्हर म्हणाला, "तुम्हीच येतो म्हणालात ना साहेब? मग आणलं."

पोहे पुन्हा झाले, आणि गरम होते, हे मान्य केलं पाहिजे.

दुसऱ्या चहानंतर सगळे पुन्हा येतो म्हणाले. या वेळी बस पेट्रोल पंपापर्यंतच गेली आणि वळली. तिसऱ्यांदा उतरताना हेरंबने रेवाचा हात धरला, तर तो हात त्याला वाकून धरावा लागला नाही. तिचा पिवळा फ्रॉक गुडघ्यांच्या बराच वर गेला होता. पुढचे दोन दात पडून नवे आले होते. मधल्या कुठल्या तरी वेळी तिचा पाचवा वाढदिवस होऊन गेला होता, बहुधा बसमध्ये.

त्याने शर्वरीला, म्हणजे बायकोला, बाजूला घेऊन सांगितलं, की आपली रेवा सात वर्षांची झालीय.

"मी मुळात आखूडच घेतला होता तो," शर्वरी म्हणाली. "आणि प्लीज, आईसमोर काही काढू नकोस."

मोठ्या माणसांना काही होत नव्हतं. ती आधीच होऊन गेलेली होती. मुलं तेवढी वाढत होती, आणि माईंना त्यात वावगं काही दिसत नव्हतं. शहरात मुलांची वाढ खुंटते. शेतावरच्या हवेची गोष्टच वेगळी, असं त्या प्रत्येक फेरीला म्हणत.

तिसऱ्या चहाला शरूकाका उठले. हे माईंचे धाकटे दीर. सरकारी मोजणी खात्यातून निवृत्त झालेले आणि एकटेच राहणारे. मोजणीची सवय असल्यामुळे कितव्यांदा आलो हे त्यांना बरोबर माहीत होतं. फाटकाशी येऊन ते म्हणाले, "वहिनी, बैलगाडीत माझे गुडघे गेले. मी आपला जातो."

अण्णांनी फाटक उघडलं. शरूकाका टोपी काढून खांबावर ठेवून चालत रस्त्याला लागले. हमरस्त्यावर एसटी थांबली, ते चढले, एसटी गेली. हे सगळ्यांनी पाहिलं.

"तोंडावर म्हणाला माझ्या," माई म्हणाल्या. "इतकं अभद्र." मग त्यांनी उरलेल्या सगळ्यांकडून एका सुरात येतो म्हणवून घेतलं.

चौथ्या फेरीत शर्वरीच्या मोबाइलवर शरूकाकांचा फोन आला. ते म्हणाले, मी व्यवस्थित पोहोचलो. इकडे बुधवार आहे. काल रेवासाठी केक घेऊन तुमच्याकडे गेलो होतो, दाराला कुलूप होतं, तेव्हा केक शेजाऱ्यांना दिला. तुम्ही आहात कुठे? शर्वरी सांगणार होती, पण माईंनी तिच्या हातातून मोबाइल घेतला आणि बंद केला. असं बोलून गेलेल्या माणसाशी काय बोलायचं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

म्हणजे वाट होती. एका शब्दाची होती, आणि तो शब्द हेरंबला येत होता. पाचव्या फेरीत पिठलं खाताना त्याने तो मनातल्या मनात सात-आठ वेळा म्हणून पाहिला. समोर रेवा बसली होती, दोन वेण्या घातलेली, बारा वर्षांची, अंगात खेंगरे यांच्या मुलीचा जुना पंजाबी ड्रेस. तिने ठेचा मागून घेतला. सकाळी तिला तिखट चालत नव्हतं.

अडचण जुनी होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी हेरंब एकदा सासरच्या दारात चपला घालता घालता जातो म्हणाला होता, अगदी सहज. त्याच आठवड्यात सासरे गेले. त्यांना दम्याचा त्रास होता, डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, आणि त्यावरून हेरंबला कुणी एका शब्दाने बोललं नाही. सोमणांच्यात बोलत नाहीत. तेव्हापासून पंगतीत त्याच्या भातावर तूप वाढताना माईंचा हात क्षणभर थांबतो, एवढंच. नऊ वर्षं थांबत होता.

म्हणून त्याने आधी इतर शब्द वापरून पाहिले.

पाचव्या चहानंतर तो काहीच बोलला नाही. अण्णा कडीवर हात ठेवून उभे राहिले. चहाच्या कपांवर माश्या बसल्या आणि उठल्या. शेवटी अण्णा नम्रपणे म्हणाले, की पाहुण्यांनी न बोलता जायचं म्हणजे आमचंच काही चुकलं. तेव्हा माई येतो म्हणाल्या. बस कालव्याच्या पुलापर्यंत गेली.

सहाव्या वेळी तो निघतो म्हणाला. बस सुरू झाली आणि सुरूच राहिली. इंजिन धडधडत होतं, खिडक्या थरथरत होत्या, सगळे आपापल्या जागी सामान मांडीवर घेऊन बसले होते, आणि बस निघत होती. पुष्कळ वेळ निघत होती. तेवढ्यात रेवाला चष्मा लागला आणि तिची दहावी झाली. अखेर माईंनी खिडकीतून येतो म्हटलं, तेव्हा कुठे चाकं फिरली आणि बस समोरच्या चिंचेला वळसा घालून परत आली.

सातव्या वेळी त्याने बाय म्हणून पाहिलं. त्यासरशी घरातून एक खूप म्हातारी बाई काठी टेकत बाहेर आली. ती अण्णांची आई होती. तिला सगळे बाय म्हणत. तिने हेरंबला कोण, कुठले, कुणाचे हे सगळं विचारलं, आणि तिच्याशी बोलता बोलता शेजारच्या वाफ्यातला झेंडू पुन्हा एकदा फुलला.

रेवा तेव्हा बागेत होती. ती आता फोटोंत येत नसे. बैलगाडीत न बसता मागून चालत यायची, पोहे परत करायची आणि सीताफळाच्या त्याच झाडाखाली जाऊन बसायची. हेरंब तिच्याजवळ गेला. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीशी काय बोलतात हे त्याला माहीत नव्हतं, कारण मधली वर्षं त्याची पोह्यांत गेली होती.

"ते उघडलं का?" त्याने विचारलं.

"नाही अजून," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने तिने विचारलं, "बाबा, आपलं घर कसं आहे?"

हेरंबने सांगितलं. दुसरा मजला, खाली औषधांचं दुकान, स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा. तिने विचारलं, कसल्या रेघा? तो म्हणाला, तुझ्या. चार आहेत.

"एवढ्याच?"

त्याने शरूकाकांचा नंबर लावून पाहिला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं एका बाईने आधी मराठीत आणि मग हिंदीत सांगितलं.

सातव्या वेळीही शेवटी माईच येतो म्हणाल्या आणि बस वळून आली. आठव्या चहाला त्याने ठरवलं. रेवाचा हात धरायचा, अण्णांच्या डोळ्यांत बघायचं आणि म्हणायचं. तूप नाही वाढलं तर नाही वाढलं. तो फाटकाशी गेला. मागे माई होत्या, माईंच्या मागे शर्वरी, तिच्या मागे भाचरं. सगळी आता दाढ्यामिश्यांची आणि पदर घेतलेली झाली होती आणि तरी आजीच्या मागे उंचीप्रमाणे ओळीत उभी होती. अण्णांनी विचारलं, "मग, जावईबापू?"

हेरंबने तोंड उघडलं. जा पर्यंत शब्द आला, हे शर्वरीने स्पष्ट ऐकलं. माईंचा उजवा हात तुपाच्या वाटीवर थांबावा तसा हवेत थांबला.

"जा... गा छान आहे तुमची," हेरंब म्हणाला. "येतो."

या वेळी बस कुठेच गेली नाही. मंडळी पुढच्या दाराने चढली आणि मागच्या दाराने उतरली. वहिनींनी तुकडा ओवाळला. ऊन सकाळचं होतं.

नवव्या फेरीत बैलगाडीची चक्कर बैलांच्या लांबीएवढीच उरली होती. झेंडूच्या वाफ्यातून फाटक दिसत होतं, पोह्यांच्या बाकावरून फाटकाला हात लागत होता. रेवा चोवीस वर्षांची होती. तिने वहिनींची एक सुती साडी नेसली होती, चष्म्याची काच पदराने पुसली होती, आणि तिच्या हातात सीताफळ होतं. त्याचे सगळे डोळे उघडले होते.

चहा झाल्यावर ती माईंच्या पाया पडली. शर्वरीला तिने घट्ट मिठी मारली. शर्वरी म्हणाली, पिन नीट लाव, निऱ्या सुटतील. मग रेवा हेरंबसमोर येऊन उभी राहिली. ती त्याच्यापेक्षा बोटभर उंच होती. त्याच्या मनात आलं, की हिला फाटकाच्या खांबाला टेकवून उभं करावं आणि एक रेघ मारावी; त्याने खिसे चाचपले, पण पेन्सिल घरी होती.

अण्णांनी कडी काढली. फाटकाबाहेर रस्ता होता आणि रस्त्यावर लांब एक एसटी येताना दिसत होती. रेवाने एक पाऊल फाटकाबाहेर ठेवलं आणि वळली.

"बाबा," ती म्हणाली, "मी जाते."

माईंचा हात वर गेला होता, पण रेवाच्या ओठांपर्यंत आता तो पोहोचत नव्हता.

हेरंबच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला इतका आनंद कधी झाला नव्हता. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्याच्या तोंडून त्याचाच आवाज त्याला ऐकू आला.

"जाते म्हणू नये, बाळा. येते म्हण."

एसटी फाटकासमोर येऊन थांबली. कंडक्टरने दार उघडलं. रेवा फाटकाच्या एक पाऊल आत आणि एक पाऊल बाहेर अशी उभी होती आणि तिचं तोंड अर्धवट उघडं होतं.

खेंगरेवहिनींनी टोपलीतून भाकरी घेऊन तिचा तुकडा मोडला. भाकरी सकाळचीच होती.