नाव विचारणारा डबा

या मायबाप हो, टाळ घडीभर मांडीवर ठेवा अन् जरा जवळ सरका. जाफराबादेकडच्या एका घरातली गोष्ट सांगायची आहे. लहानशीच आहे, पण मन लावून ऐका.

त्या घरात कडूबा नावाचे म्हातारबाबा खाटेवर पडून असत. उभी हयात कीर्तनात पखवाज वाजवला, अन् लकव्यानं नेमकं उजवं अंग गेलं. त्यांचा एकुलता लेक अंगद जालन्याला कारखान्यात मशिनी सांभाळायचा. बापासाठी त्यानं गावोगावच्या सप्त्यांतली कीर्तनं मोबाइलवर भरून आणली. तळहाताएवढा कॉम्प्युटर घेतला, त्यात तो चालवायला लिनक्स नावाची प्रणाली टाकली, मिठाईच्या डब्यात बसवून खाटेपाशी जुन्या टीव्हीला जोडला. डबा सुरू झाला की काळ्या पडद्यावर आधी नाव विचारायचा, मग पासवर्ड. अंगदचं नाव अन् पासवर्ड दिला की कीर्तन लागायचं.

त्याची बायको शालू म्हणाली होती, "हे इचारणं बंद करा की. आपल्या घरात कोण चोर येऊन राह्यलाय?"

अंगद हसला. "राहू दे. सहा वर्षं झाली लग्नाला, उखाणा सोडून माझं नाव कधी घेतलंस?"

"नवऱ्याचं नाव घेतेत का कुठं?"

"मंग तोंडानं नको, बोटानं घे."

अन् त्यानं तिला आपल्या नावाची इंग्रजीतली पाच बटणं शिकवली. ती लाजून लाजून दाबायची, अन् हा बाजूला बसून "आँ? कोण म्हणलीस?" करून चिडवायचा.

गेल्या पोळ्यानंतर काविळीनं अंगदला नेलं.

घरात त्याचं नाव निघेनासं झालं. निघालं की कडूबा लहान लेकरागत रडत, म्हणून सासू दुर्गाबाईंनीही जिभेला कुलूप घातलं. लाइट मात्र दिवसातून पाच वेळा जायची. आली की शालू चुलीपासून उठायची, पदराला हात पुसायची अन् ती पाच अक्षरं दाबायची. पासवर्ड टाकताना पडद्यावर काहीच दिसत नाही. नाव तेवढं पांढरंशुभ्र उमटतं. पुढचं बटण दाबण्याआधी ती क्षणभर थांबायची. बस, तेवढाच तिचा संसार उरला होता.

दुर्गाबाईंनी एकदा सुचवलं, "जाफराबादेतल्या कॉम्प्युटरवाल्या हरिओमला बोलवू का? त्याला येतंय म्हणे ते नाव इचारणं बंद करायला."

"नको आत्याबाई. मी हाय ना," शालू तुटकपणे म्हणाली.

मग कापूस वेचणी लागली. शालू रानात, दुर्गाबाई गिरणीवर. लाइट गेली, आली. दुपारी शालू परतली तर कडूबा खाटेखाली पडलेले, कपाळ सुजलेलं, डावा हात टीव्हीकडं लांबवलेला.

"मामा! कशाला उठलात हो?"

सासऱ्यांची जीभ जड. एकेक शब्द ओढत म्हणाले, "ते... नाव इचारत व्हतं माय. लई येळ इचारत व्हतं. म्हणलं, सांगावं."

शालूनं त्यांना उचलून खाटेवर घेतलं, हळद लावली. अन् दुसऱ्या दिवशी ती स्वतःच हरिओमच्या दुकानात गेली.

हरिओम आला, खाटेपाशी बसला. "दोन मिनिटांचं काम हाय, वहिनी. फाइलीत एक ओळ लिहायची. मंग डबा सुरू झाला की आपोआप त्याच नावानं आत जातो, कुणाला काही इचारत न्हाई. बोला, नाव काय टाकू?"

शालूनं मान खाली घातली. दुर्गाबाईंनी दारातून तोंड उघडलं, कडूबांकडं पाहिलं अन् पुन्हा मिटलं.

"अहो, नावाशिवाय कसं व्हईल? बिलकुल जमायचं न्हाई," बिचारा हरिओम गोंधळला.

शालूनं कीबोर्ड स्वतःकडं ओढला अन् त्या ओळीत पाच बटणं दाबली. या खेपेला फार सावकाश.

"बराबर," हरिओम म्हणाला. "आता बंद करून बघू."

डबा पुन्हा सुरू झाला. पांढऱ्या ओळी भराभर वर पळाल्या, कुठंच थांबल्या नाहीत, अन् टाळ वाजले. खाटेच्या काठावर कडूबांची डावी बोटं ठेका धरू लागली. शालू कीबोर्डावर हात ठेवून तशीच उभी.

"वहिनी, आता तुम्हाला काहीच करायचं न्हाई."

"व्हय," ती म्हणाली. "दिसलं."

संध्याकाळी लाइट जाऊन आली. शालू भाकरी थापत होती. ती उठली, दारापर्यंत गेली. आत कीर्तन केव्हाच सुरू झालं होतं. पिठाच्या हातांनी ती थोडा वेळ उंबऱ्यात उभी राहिली अन् माघारी येऊन तव्यावरची भाकरी उलटली. करपली होती.

मायबाप हो, त्या घरात ते नाव आता ओठांवर नाही, बोटांवरही नाही. तुम्हाला तर काही बंधन नाही. उद्या काकड्याला बसाल तेव्हा देवाच्या नावाआधी एकदा, मोठ्यानं, अंगदचं नाव घ्या.