कडूबाईचा पाय

कडूबाई जन्मली ती पायाकडून. तिच्या आधीच्या चार पोरी गेलेल्या, तेव्हा हिच्याकडं बघून मरणानं तरी नाक मुरडावं म्हणून आईबापानं नाव ठेवलं कडू. नाव कडू, पण पाय लाखमोलाचा; पायाळूचा पाय लागला की उसण जाते म्हणतात. मुरुमच्या बाजारात कुणाची कंबर धरली, पाठीत उसण भरली, की गडी वाकडातिकडा होत, "आई गं, आई गं" करत तिचं दार गाठायचा. जमिनीवर पालथं पडायचं. पायाळू कडूबाई डावा पाय दुखऱ्या जागेवरून तीनदा फिरवायची आणि म्हणायची, "ऊठ, गेली." आणि खरंच जायची हो! हमालांचा मुकादम बसप्पा, जो सावकारापुढंसुद्धा मान वाकवत नव्हता, तो तिच्यापुढं दोनदा पालथा पडला होता. आडतीत धान्य पाखडणारी बाई ती, पण कुणाच्याही लग्नात तिला "या अक्का, पुढं बसा" म्हणायचे. हा मान त्या पायाचा होता आणि तिला तो आवडायचा. का आवडू नये? दुसरं होतं काय तिच्याजवळ?

सगळ्या गावाला लागलेला हा पाय एकाच माणसाला कधी लागला नव्हता. तिच्या नवऱ्याला, बलभीमाला. नवऱ्याला पाय लावायचा? चुकून झोपेत लागला तरी ती उठून हात जोडायची. बलभीम हसायचा. "मला कशाला लागतोय तुझा पाय? म्या ठणठणीत हाय."

ठणठणीत हा त्याचा आवडता शब्द. बावीस वर्षं आडतीत हमाली केलेला माणूस. तुरीचं पोतं पाठीवर घ्यायचं, ट्रकला लावलेली फळी चढायची, पोतं आत टाकायचं, परत खाली. तब्येतीचं मोजमाप म्हणजे ती फळी. फळी चढतो तो ठणठणीत, चढत नाही तो आजारी. मधलं काही नसतंच. आणि जो आजारी, त्याच्या जागी बसप्पा दुसऱ्या दिवशी दुसरा गडी उभा करायचा. बसप्पा वाईट होता असं नाही, पण ट्रकला थांबता येत नव्हतं.

मुंबई राज्याचा महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. माघात तुरीची आवक इतकी दांडगी की आडतीत पाय ठेवायला जागा नाही. बलभीमाचा जोडीदार चाँदपाशा. पंधरा वर्षं दोघं एकमेकांच्या पाठीवर पोती चढवत आलेले. एका दुपारी चाँदपाशा कडूबाईच्या दारात आला तो घामानं निथळत, डावा हात उजव्या हातानं धरून.

"अक्का, हितं खवाट्यात, खांद्यामागं उसण भरलीया. फळी चढलो की हातात उतरतीया."

"पड पालथा," कडूबाई म्हणाली.

तो पडला. तिनं पाय फिरवला. तो तसाच पडून राहिला, आणि घटकाभरात त्याचा चेहरा खुलला. "हल्कं वाटलं बगा अक्का. तुमच्या पायात जादू हाय."

"ऊठ, गेली," ती म्हणाली. "जा कामाला."

तिसऱ्या दिवशी चाँदपाशा फळीवरच कोसळला, पाठीवर पोतं असताना. बलभीम खालून धावला, पण तो पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आडतीत जो तो म्हणायला लागला, काल तर ठणठणीत होता, काय नजर लागली कुणास ठाऊक. त्याची बायको अजीजाबी, हिच्या शेजारी बसून पाखडणारी, आठवड्यानं भेटली तर हिचाच हात हातात घेऊन रडली. "अक्का, तुमच्या पायानं त्यास्नी दोन दिस तरी आराम पडला. अल्ला तुमचं भलं करो." कडूबाईनं पदरानं तिचे डोळे पुसले. तेव्हा ते शब्द तिला गोड लागले, हे पुढं तिला आयुष्यभर आठवत राहिलं.

पंधराएक दिवस गेले. एका संध्याकाळी बलभीम आडतीतून घरी आला आणि आत येऊन दार लावून घेतलं. दिवसाउजेडी दार लावलेलं बघून ती चुलीपुढून उठली.

"काय झालं वो?"

"काय न्हाय." त्यानं टोपी काढून खुंटीला लावली. तिच्याकडं न बघता म्हणाला, "पाठीत उसण भरलीया जराशी, हातात उतरतीया. तुझा पाय लाव."

अठरा वर्षांच्या संसारात या माणसानं ताप आला तरी "बरं न्हाय" म्हटलं नव्हतं. आज तो बायकोचा पाय मागत होता, तेही दार लावून. तो जमिनीवर पालथा पडला. तिनं हात जोडले, देवाची माफी मागितली आणि पाय त्याच्या पाठीवरून फिरवला. थोड्या वेळानं तो उठून बसला आणि हसला. "गेली की! उगंच इतकी वर्षं लांब ऱ्हायलो तुझ्या पायापासनं." ती हसली नाही. पाठीमागं दुखलं, हातात उतरलं, पडल्यावर थांबलं. चाँदपाशाचंही हेच झालं होतं. पण ती स्वतःला समजावत राहिली की उसण ती उसणच, सगळ्यांची सारखीच असणार.

त्यानंतरच्या बाजारच्या दिवशी उमरग्याहून शिवशरण डॉक्टर जीपगाडी घेऊन आला. सरकारी माणूस, तरणाताठा, डोळ्यांवर चष्मा. हमालांची तब्येत तपासायची होती त्याला. आडतीच्या ओसरीवर टेबल टाकलं, गडी रांगेत उभे केले. आधी विचारायचा, "तुमची तब्येत कशी आहे? उत्तम, बरी, का वाईट?" आणि सांगतील ते कागदावर लिहायचा. मग दंडाला पट्टी बांधून रबरी फुगा दाबायचा. बसप्पा मुकादम बाजूलाच, खांबाला टेकून उभा. आता मुकादम समोर उभा असताना "वाईट" म्हणायची कुणाची टाप होती? एकोणीस गडी, एकोणीस जणांची उत्तम. बलभीमानं तर छाती फुगवून सांगितलं, "ठणठणीत!"

डॉक्टरनं पट्टी बांधली, फुगा दाबला. काचेतल्या पाऱ्याकडं बघत राहिला. पट्टी सोडून परत बांधली. "काका, फळी चढताना छातीत, हातात काही होतं का?"

"काय हुतंय मला?"

"दवाखान्यात या. औषध देतो. आणि ओझं उचलू नका सध्या."

रांगेत हशा पिकला. हमालाला ओझं उचलू नको! बलभीम सगळ्यांत मोठ्यानं हसला. पलीकडं कडूबाई सुपात तूर घोळवत बसली होती. तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं, खोटं बोलतोय तो, दार लावून माझा पाय मागितलाय त्यानं. पण खांबाला टेकलेल्या बसप्पाकडं बघून तिनं मान सुपात घातली.

डॉक्टर जीपगाडीत बसायला निघाला तशी ती सूप टाकून मागं गेली. "दादा, एक इचारू? उसण चढाला भरती, हातात उतरती, घाम फुटतो आन् पडलं की थांबती. अशी असती का उसण?"

"कुणाला होतंय असं?"

"चाँदपाशाला हुतं." तिला नवऱ्याचं नाव घ्यायचं धाडस झालं नाही. "फळीवर गेला तो."

डॉक्टर हळू आवाजात म्हणाला, "ती उसण नाही हो बाई. काळजाला रक्त पुरत नाही तेव्हा असं होतं. ओझं घेतलं, चढ चढला, की काळीज दुखतं. आडवं पडलं, की थांबतं."

"आन् म्या पाय लावला म्हून थांबलं आसंल तर?"

"नसता लावला तरी थांबलं असतं. पडून राहिला म्हणून थांबलं. त्याला पडूनच राहू द्यायला हवं होतं."

जीपगाडी गेली. कडूबाई रस्त्यातच उभी राहिली. 'ऊठ, गेली. जा कामाला.' कोण म्हणालं होतं चाँदपाशाला? तीच. आणि अजीजाबीनं हात धरून दुवा दिली ती कुणाला? हिलाच. तिला स्वतःच्या पायाची किळस आली. पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. बलभीमाला तर तो पाय सापडला होता! आता तो रोज फळी चढेल, रोज घरी येऊन पालथा पडेल, आणि जायची वेळ येईपर्यंत ठणठणीत राहील.

त्या रात्री तिनं दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा त्यानं उडवून लावला. "ते कालचं पोर, त्याला काय कळतंय? तुझा पाय हाय न्हवं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आडावरून दोन घागरी घेऊन आला, घागरी खाली ठेवल्या आणि दार लावून घेतलं. चेहरा राखेसारखा झालेला. "लाव लवकर," म्हणाला आणि पालथा पडला, तोंड जमिनीकडं.

कडूबाई चुलीपाशी उभी होती. ती तिथून हलली नाही. कळ एवढी होती की पाठीवर पाय फिरतोय का नाही, याचं भानही त्याला नव्हतं. आतून तिचा जीव टांगणीला लागला होता. नाही थांबलं तर? आणि थांबलं तर त्याहून वाईट, डॉक्टरचंच खरं ठरणार. त्याच्या पाठीचा भाता वर-खाली होत होता, तो हळूहळू संथ झाला.

"बास," तो जमिनीत तोंड घालूनच म्हणाला. "उतरलं. लई गुणाचा पाय तुझा."

"म्या लावलाच न्हाय."

त्यानं मान वळवून बघितलं. ती चार हात लांब, चुलीपाशी.

"म्या हितंच हाय मघापासनं," ती म्हणाली, आणि मग तिचा बांध फुटला. "काय न्हाय माझ्या पायात. काय म्हंजी काय न्हाय! तुमी पडला म्हून थांबलं. चाँदपाशाचंबी असंच थांबलं हुतं, आन् म्या त्याला म्हनलं, ऊठ, जा कामाला. म्या धाडला वो त्याला फळीवर. म्या!"

बलभीम उठून बसला. म्हणाला, "हे भाईर कुणाला बोलू नगंस. गावात तेवढाच तर मान हाय तुला."

"चुलीत गेला मान!"

"आज चार गाड्या भरायच्यात." त्यानं खुंटीची टोपी घेतली, पोती ओढायचा आकडा खांद्याला अडकवला. "चार दिस तूर हाय. तेवढी सरू दे, मग जाऊ दवाखान्यात."

"चार दिस?" ती म्हणाली. "त्याला तीन मिळालं हुतं."

तो दाराकडं वळला. कडूबाई त्याच्या आधी पोचली. दार उघडलं आणि उंबऱ्यावर आडवी झाली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. "जायाचं तर जावा. मला वलांडून जावा."

"येडी का काय तू? ऊठ! लोक बघतील."

"बघू द्या."

झोपलेल्या माणसाला ओलांडू नये, हे कुणीही मानतं. आणि ही तर अठरा वर्षांची बायको, तोंडात पदराचा बोळा कोंबून रडणारी. बलभीम एक पाय पुढं टाकून उभा राहिला. तेवढ्यात गल्लीतून सिदू हमाल आला. चाळिशीचा गडी, यांच्याच टोळीतला. उंबऱ्यावर पसरलेली कडूबाई बघून तो दचकला.

"काय झालं गा? बलभीमदा, गाडी लागलीया. मुकादम वाट बघायलाय. येतूस न्हवं?"

बलभीमानं बायकोकडं बघितलं. आकडा खांद्यावरून काढला. तो कोपऱ्यात ठेवला.

"मुकादमाला सांग," तो म्हणाला, "बलभीमाला बरं न्हाय."

सिदूला वाटलं, थट्टाच चाललीय. "तुला? आरं, मग अक्काचा पाय..."

"माझ्या पायात काय न्हाय सिदू," उंबऱ्यावरूनच कडूबाई म्हणाली. "कवाच काय नव्हतं. गावभर सांग."

सिदू गेला नाही. तो तिथंच, गल्लीत उभा राहिला. मग हळूच त्याचा उजवा हात डाव्या खांद्यावर गेला आणि दंड चोळत खाली आला.

"अक्का," तो म्हणाला, "मला बी भरलीया चार दिसापासनं. फळी चढलो की. सांजच्याला तुमच्याकडंच येणार हुतो म्या. आता कुठं जाऊ?"

कडूबाई उठली. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि उंबरा मोकळा केला.

"आत ये," ती म्हणाली. "आदी बस."