पाय रोवलेले भालाईत

"मग ह्यांना आता घरी नेऊ का?" लाइनमनने विचारलं.

लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत, थर्मोकोलच्या टेकड्या मांडलेल्या टेबलाशी सगळे उभे होते. दर रविवारी ते इथे बोटाएवढ्या शिपायांची लढाई खेळत. खेळ एका कंपनीचा होता, आणि ती अधूनमधून नियम बदलून सगळ्यांना नवे शिपाई घ्यायला लावायची. या खेपेला तिने भालाइतांची अख्खी फौजच खेळातून काढून टाकली होती. ती फौज लाइनमनची. टेलिफोनच्या खांबांवर आयुष्य गेलेला हा माणूस. निवृत्त झाला आणि त्याचे हात कापायला लागले. भालाईत त्याने हात शाबूत असताना रंगवले होते. नवी फौज रंगवणं आता त्याच्याच्याने होणार नव्हतं.

"बदल तर होणारच ना, काका," विमा एजंट म्हणाला. नियमांचं नवं पुस्तक आलं की हा पहिल्याच दिवशी विकत घ्यायचा, म्हणून त्याचं नाव 'अपडेट' पडलं होतं. "नवी फौज घ्या. झकास आहे."

कवळीवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो कवळ्या बनवायचा. माणसांविषयीचं त्याचं मत त्यांच्या तोंडात डोकावून झालेलं होतं आणि ते बरं नव्हतं. कंपनी म्हणजे भामटे, अपडेट म्हणजे त्या भामट्यांचं मेंढरू, आणि बाकीचे त्या मेंढराच्या मागून चालणारे. एका लाइनमनपुरतं त्याच्या मनात काही मऊ होतं.

"घरी डोंबल नेतोस. ठेव इथेच," तो म्हणाला. "ह्यांच्यापेक्षा बरा खेळ मी लिहितो. फुकट देतो. मग कोणाच्या बापाला तुझे भालाईत काढता येणार नाहीत."

आणि खरंच लिहिला. कवळीचं प्लास्टर सुकेपर्यंत बसून, कंपनीचं एक वाक्य न उचलता. "एवढं लक्ष गिऱ्हाइकांच्या तोंडात घातलं असतंत तर नाव निघालं असतं," बायको म्हणाली. तिलाही त्याने मेंढरांतच जमा केलं.

त्या खेळात एक कलम होतं. जे भालाईत मागच्या पाळीला जागचे हलले नाहीत त्यांनी पाय रोवले असं धरायचं. त्यांच्यावर घोडदळ आदळलं तर घोडदळानेच माघार घ्यायची. हे कलम कशासाठी आहे ते त्याने कोणाला सांगितलं नाही. शिपाई सरकवताना लाइनमनचा हात थरथरायचा, शेजारचे दोन आडवे व्हायचे आणि तो ओशाळायचा. आता त्याला काही सरकवायची गरज उरली नाही. त्या वर्षी रविवारी सगळे हाच खेळ खेळायचे, आणि तो हातांची घडी घालून बसायचा आणि चक्क जिंकायचा.

कवळीवाल्याने खेळ इंटरनेटवर टाकला. कुठकुठल्या लोकांनी उतरवून घेतला, वाहवा केली. कवळीवाला म्हणायचा, ह्या रिकामटेकड्यांच्या वाहवेला कोण विचारतो. आणि कवळी हातात धरून फोनवर तीच वाहवा पुन्हा वाचायचा. मग तक्रारी आल्या. भालाईत फार वरचढ आहेत, घोडदळाला न्याय नाही.

कवळीत एक दात उंच लागतो म्हणून घासला, की समोरचा उंच वाटायला लागतो. शिकाऊ माणूस दोन्ही घासत सुटतो आणि शेवटी कवळी तोंडात खुळखुळते. हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तरी तो घासत गेला. दुसरी आवृत्ती काढली, तिसरी काढली. तिसरीला लोक म्हणाले, आता कसा समतोल साधला. तो दिवसभर फुगून होता.

पुढच्या रविवारी त्याने घोडदळ भालाइतांवर घातलं. लाइनमन नेहमीसारखा घडी घालून बसला होता.

"रोवलेत," लाइनमन म्हणाला.

"ते कलम गेलं, काका," अपडेट म्हणाला. "नवी आवृत्ती वाचली नाहीत का? झकास केलीय." आणि आपल्यातल्या माणसाकडे बघून हसावं तसा तो कवळीवाल्याकडे बघून हसला.

लाइनमनने मान वळवली. "काढलंस?"

"लोक म्हणत होते..." कवळीवाला बोलला, आणि आपल्या तोंडून हे शब्द ऐकून त्याला शिसारी आली.

"बरं," लाइनमन म्हणाला.

तो आपले भालाईत एकेक करून उचलायला लागला. एक निसटून टेकडीमागे घरंगळला. कवळीवाला वाकला.

"राहू दे. जमतं मला."

"अरे, आपण दोघं जुन्याच नियमाने खेळू. कोण बघतंय?"

"मला तेवढी सूट कशाला?" लाइनमन म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच कवळीवाल्याला सोसेना.

घरी नेऊ का, असं तो विचारेल म्हणून कवळीवाला थांबला. उत्तर त्याच्या जिभेवर तयार होतं. लाइनमनने विचारलं नाही. डब्यातल्या कापसात सगळे नीट झोपवले, झाकण दुसऱ्या खेपेला लागलं, आणि डबा छातीशी धरून, कठड्याचा आधार घेत तो जिना उतरून गेला.

"चला, तुमचीच पाळी," अपडेट म्हणाला.

कवळीवाल्याने त्याला मेंढरू म्हणायला तोंड उघडलं, आणि ते मिटून तो टेबलाकडे वळला. टेबलावर त्याचे घोडे मोकळ्या मैदानात उभे होते, आणि समोर कोणी नव्हतं.